क्लॉजची फ्रेज करताना सब्जेक्ट कुठे हरवतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही स्पर्धा परीक्षेची तयारी करताय. अॅडव्हर्ब क्लॉजची, म्हणजे वेळ, कारण, अट वगैरे सांगणाऱ्या जोडवाक्याची, फ्रेज (सब्जेक्ट नसलेला शब्दसमूह) करायचा नियम पाठ आहे: सब्जेक्ट काढा, ‘इज, आर, वॉज, वेअर’ असेल तर तेही काढा, नसेल तर क्रियापदाला आयएनजी लावा. या नियमाने तुम्ही तीन वाक्यं बदलली आणि तिन्ही चुकीची ठरली. ‘व्हाइल गोइंग टू कॉलेज, इट स्टार्टेड रेनिंग’, ‘बिकॉज नॉट नोइंग द वे, शी आस्क्ड अ पोलिसमन’ आणि ‘आफ्टर रीचिंग सीताबर्डी, माय फोन रँग’. चौथं, ‘व्हेन द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट’, याला हात कसा घालायचा तेच कळलं नाही. नियम बरोबर पाळला तरी उत्तर चुकतं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात बरीच वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं या प्रकरणात नेमकी याच जागी अडखळतात. त्यामागे हलगर्जीपणा नसतो. कारण आपल्या भाषेच्या सवयीत आहे, आणि ते कारण समजल्याशिवाय कितीही वाक्यं सोडवली तरी पुढच्या वेळी तीच चूक होते. म्हणून उत्तर थोडं लांब होईल.

आधी नियमाविषयी. तुम्ही पाठ केलेला नियम खरा आहे, पण त्याच्या डोक्यावरची अट कुणीतरी गाळून टाकली आहे. क्लॉजचा सब्जेक्ट आणि मेन क्लॉजचा सब्जेक्ट एकच असेल, तरच सब्जेक्ट काढायचा. ही अट का आहे ते पाहा. क्लॉजमध्ये कोण करतंय आणि केव्हा करतंय, दोन्ही सांगितलेलं असतं. ‘व्हाइल आय वॉज गोइंग’ म्हटलं की जाणारा मी आणि काळ भूतकाळ, हे तिथल्या तिथे कळतं. ‘व्हाइल गोइंग’ म्हटलं की दोन्ही गेलं. आता वाचणाऱ्याने ते कुठून मिळवायचं? इंग्रजीत ते एकाच ठिकाणाहून मिळतं, मेन क्लॉजमधून. काळ मेन क्लॉजच्या क्रियापदावरून घ्यायचा आणि कर्ता मेन क्लॉजच्या सब्जेक्टवरून. मेन क्लॉजचा सब्जेक्ट जो असेल, तोच फ्रेजमधलं काम करतोय असं इंग्रजी वाचणारा गृहीत धरतो. तुमच्या पहिल्या वाक्यात मेन क्लॉजचा सब्जेक्ट ‘इट’ आहे. म्हणजे वाक्याच्या रचनेप्रमाणे कॉलेजला पाऊसच निघाला. तिसऱ्यात सब्जेक्ट ‘माय फोन’ आहे, म्हणजे सीताबर्डीला फोन पोचला. व्याकरणात याला डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात: फ्रेज वाक्यात आहे, पण तिने ज्याला टेकायचं तो कर्ताच शेजारी नाही.

आता तुम्ही म्हणाल, अर्थ तर कळतोय ना? हो, कळतो. आणि तुम्हाला ते वाक्य चुकीचं वाटलंच नाही, त्याचं कारण इथेच आहे. मराठीत आपण अगदी शुद्ध बोलताना म्हणतो, ‘कॉलेजला जाताना पाऊस सुरू झाला.’ कोण जात होतं, हे वाक्यात कुठेच नाही, आणि कुणाला ते खटकत नाही. ‘सीताबर्डीला पोचल्यावर माझा फोन वाजला.’ तेही बिनचूक मराठी आहे. आपले ‘-ताना’ आणि ‘-ल्यावर’ कर्त्याच्या बाबतीत मोकळे आहेत. ‘बाबा आल्यावर आम्ही जेवलो’ यात तर दोन वेगळे कर्ते उघड बसलेत. तुम्ही इंग्रजी वाक्य बदलताना मनात मराठी वाक्य तयार झालं, ते मराठीत बरोबर होतं, आणि त्याला आयएनजी लावून ते इंग्रजीत उतरलं. मराठीने दिलेली मोकळीक इंग्रजी देत नाही. या प्रकरणातल्या बहुतेक चुका मला याच एका गोष्टीपाशी येऊन थांबताना दिसतात.

काही शिक्षक यावर एक युक्ती सांगतात: मराठीत ‘-ऊन’ लावून पाहा, ‘-ऊन’ बसलं तर इंग्रजीत फ्रेज चालते. ‘मी घरी जाऊन जेवलो’ यात जाणारा आणि जेवणारा एकच, म्हणून ही युक्ती बरीच वेळा चालते. पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. वर्तमानपत्रात आपण रोज वाचतो, ‘वीज पडून दोन बैल दगावले’, ‘भिंत कोसळून मजूर जखमी’. पडणारी वीज, दगावणारे बैल. कर्ते दोन, तरी ‘-ऊन’ बसलाच. कारण-परिणामाचा संबंध असेल तिथे मराठीचा ‘-ऊन’सुद्धा सैल होतो. हेच वाक्य इंग्रजीत नेताना मुलं ‘फॉलिंग लाइटनिंग, टू ऑक्सन डाइड’ असं लिहितात. इंग्रजीत ते ‘टू ऑक्सन वेअर किल्ड बाय लाइटनिंग’ असंच लिहायला हवं. तिथे फ्रेज करायच्या भानगडीत पडू नये.

याहून फसवा प्रकार शरीराच्या अवयवांचा आणि भावनांचा आहे. ‘पत्र वाचून तिचे डोळे भरून आले.’ किती सुंदर आणि सहज मराठी वाक्य! इंग्रजीत ‘रीडिंग द लेटर, हर आइज फिल्ड विथ टिअर्स’ केलं की पत्र डोळ्यांनी वाचलं असं होतं, ती व्यक्ती म्हणून वाक्यात येतच नाही. ‘हर’ आहे, पण तो मालकी दाखवणारा शब्द आहे, सब्जेक्ट नाही. वाक्य असं हवं: ‘रीडिंग द लेटर, शी फेल्ट हर आइज फिल विथ टिअर्स.’ तुमच्या फोनच्या वाक्यात नेमकं हेच झालंय. ‘माय फोन’मध्ये ‘माय’ आहे म्हणून मी वाक्यात आहे असं वाटतं, पण सब्जेक्ट फोनच आहे.

भावनांचं तसंच. मराठीत राग, आनंद, भूक, झोप ही आपल्याला ‘येते’, ‘होते’, ‘लागते’. ‘त्याला पाहून मला राग आला’ यात पाहणारा ‘मला’, पण व्याकरणाने कर्ता राग. इंग्रजीत हे वाक्य ‘सीइंग हिम, आय गॉट अँग्री’ असं होतं, कारण तिथे रागावणारा मीच सब्जेक्ट आहे. मुलं कधी कधी ‘सीइंग हिम, अँगर केम टू मी’ लिहितात आणि बिचारा राग त्याला पाहायला जातो. ‘मला’ने सुरू होणारं कुठलंही मराठी वाक्य इंग्रजीत नेताना आधी ‘आय’ कुठे बसतोय ते ठरवा, मग फ्रेजकडे वळा.

आणि एक प्रकार सरकारी कागदांवर सतत दिसतो. ‘फॉर्म भरून तो कार्यालयात जमा करावा.’ याचं इंग्रजी ‘आफ्टर फिलिंग इन द फॉर्म, इट शुड बी सबमिटेड’ असं हमखास केलं जातं. इथे मेन क्लॉज पॅसिव्ह झाल्यामुळे सब्जेक्ट ‘इट’ म्हणजे फॉर्म झाला आणि फॉर्मने स्वतःलाच भरलं. ‘आफ्टर फिलिंग इन द फॉर्म, सबमिट इट’ हे नीट आहे, कारण आज्ञार्थी वाक्यात ‘यू’ गृहीत असतो आणि भरणाराही तोच. म्हणून फ्रेजच्या पुढचा मेन क्लॉज पॅसिव्ह करायचा मोह झाला की थांबा.

तर मग तुमचं पहिलं वाक्य कसं दुरुस्त करायचं? दोन वाटा आहेत. एक, क्लॉज आहे तसा ठेवा: ‘व्हाइल आय वॉज गोइंग टू कॉलेज, इट स्टार्टेड रेनिंग.’ यात काहीही कमीपणा नाही. दोन, मेन क्लॉजचा सब्जेक्ट बदला: ‘व्हाइल गोइंग टू कॉलेज, आय गॉट कॉट इन द रेन.’ आता जाणारा मी आणि भिजणाराही मी. पण परीक्षेत फक्त क्लॉज बदलायला सांगितला असेल आणि मेन क्लॉजला हात लावायची मुभा नसेल, तर ‘हा क्लॉज कमी करता येत नाही’, म्हणजे त्याची फ्रेज होत नाही, हेच उत्तर. पर्यायी प्रश्नांत तसा पर्याय अनेकदा मुद्दाम दिलेला असतो, आणि नियम यांत्रिकपणे लावणारा उमेदवार तो ओलांडून पुढे जातो.

सब्जेक्ट एकच असल्याची खात्री झाली की एक बारीक काम उरतं. ‘व्हाइल मीना वॉज वॉकिंग होम, शी सॉ अ स्नेक’ याचं ‘व्हाइल वॉकिंग होम, शी सॉ अ स्नेक’ केलं तर व्याकरण बरोबर, पण मीना वाक्यातून गायब झाली. क्लॉजमधलं नाव मेन क्लॉजमध्ये आणायचं: ‘व्हाइल वॉकिंग होम, मीना सॉ अ स्नेक.’ साधी गोष्ट आहे, पण घाईत राहून जाते.

आता काळाचं बघू, कारण ‘हॅविंग’ कधी लावायचं हे तुम्ही विचारलं नसलं तरी पुढचा प्रश्न तोच येणार. साधं आयएनजी म्हणजे दोन्ही कामं साधारण एकाच वेळी, किंवा एकापाठोपाठ लगेच. आधीचं काम पूर्ण झालेलं आहे हे सांगायचं असेल आणि वेळ दाखवणारा शब्द सोबत नसेल, तर ‘हॅविंग’ आणि व्ही थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप. आपल्या शहरातलंच उदाहरण घेतो. ‘आफ्टर ही एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर ऑन 14 ऑक्टोबर 1956, डॉ. आंबेडकर लिव्ह्ड फॉर लेस दॅन टू मन्थ्स.’ याची फ्रेज ‘आफ्टर एम्ब्रेसिंग बुद्धिझम इन नागपूर ऑन 14 ऑक्टोबर 1956, डॉ. आंबेडकर लिव्ह्ड फॉर लेस दॅन टू मन्थ्स.’ बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण 6 डिसेंबरचं, तेव्हा विधानही बरोबर आहे. इथे ‘आफ्टर’ आधी-नंतरचं काम करतोय, म्हणून ‘एम्ब्रेसिंग’ पुरतं. ‘आफ्टर हॅविंग एम्ब्रेस्ड’ लिहिलं तर चूक म्हणता येणार नाही, पण एकाच गोष्टीसाठी दोन शब्द खर्च झाले. ‘आफ्टर’ काढून टाकला तर मात्र ‘हॅविंग’ हवाच: ‘हॅविंग एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर ऑन 14 ऑक्टोबर, डॉ. आंबेडकर वेंट टू चांदा, व्हेअर अनदर सेरेमनी वॉज हेल्ड ऑन 16 ऑक्टोबर.’ चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर.

पॅसिव्ह क्लॉज असेल तर काम आणखी सोपं होतं. एम्प्रेस मिल ही कापडगिरणी 1 जानेवारी 1877 ला आपल्याकडे नागपुरात सुरू झाली, आणि त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर करण्यात आलं; गिरणीचं नाव त्यावरून पडलं. हे क्लॉजने सांगायचं तर ‘बिकॉज इट वॉज ओपन्ड ऑन द डे व्हिक्टोरिया वॉज प्रोक्लेम्ड एम्प्रेस ऑफ इंडिया, द मिल वॉज नेम्ड एम्प्रेस.’ फ्रेजने: ‘ओपन्ड ऑन द डे व्हिक्टोरिया वॉज प्रोक्लेम्ड एम्प्रेस ऑफ इंडिया, द मिल वॉज नेम्ड एम्प्रेस.’ ‘बिकॉज’, ‘इट’ आणि ‘वॉज’ तिन्ही गेले, व्ही थ्री उरलं. याला आयएनजी लावून ‘ओपनिंग ऑन द डे’ केलं तर तेही वाक्य होतं, पण मग गिरणी आपणहून उघडली असा सूर लागतो. कुणी केलं आणि कुणावर केलं गेलं, हा फरक व्ही थ्री जपतं. म्हणून पॅसिव्ह दिसला की आयएनजीकडे धावू नका.

‘बीइंग’ लावायचा की नाही, यावर मुलं फार वाद घालतात. ‘बिकॉज शी वॉज टायर्ड, शी वेंट टू बेड’ याचं ‘बीइंग टायर्ड, शी वेंट टू बेड’ बरोबर आणि ‘टायर्ड, शी वेंट टू बेड’सुद्धा बरोबर. कारण ठळक करायचं असेल तर ‘बीइंग’ ठेवा. पुढे नाम असेल, जसं ‘बिकॉज ही वॉज अ डॉक्टर’, तर ‘बीइंग अ डॉक्टर’ असंच ठेवणं सोयीचं. ‘व्हाइल’ किंवा ‘व्हेन’सोबत मात्र अशा जागी ‘बीइंग’ नको. ‘व्हाइल अ स्टुडंट इन नागपूर, शी लिव्ह्ड इन धरमपेठ’ असं लिहितात.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे. ‘बिकॉज नॉट नोइंग द वे’ मध्ये ‘नॉट नोइंग’ तुम्ही अगदी बरोबर केलंत. बरेच जण ‘डोन्ट नोइंग’ किंवा ‘डिड नॉट नोइंग’ करून ठेवतात. चूक फक्त ‘बिकॉज’ ठेवल्याची. ‘बिकॉज’नंतर इंग्रजीला सब्जेक्ट आणि क्रियापद असलेला पूर्ण क्लॉजच लागतो. फ्रेज केली की ‘बिकॉज’ला जागाच उरत नाही. ‘नॉट नोइंग द वे, शी आस्क्ड अ पोलिसमन.’ झालं. ‘बिकॉज ऑफ’ ही वेगळी गोष्ट, तिच्यापुढे नाम येतं: ‘बिकॉज ऑफ द हीट’. या दोघांची गल्लत करू नका. कारण दाखवणारा ‘अॅज’सुद्धा ‘बिकॉज’सारखाच निघून जातो.

‘सिन्स’ इथे सगळ्यात जास्त फसवतो, कारण त्याची कामं दोन आहेत. वेळ दाखवत असेल तर तो राहतो: ‘सिन्स शी केम टू नागपूर, शी हॅज लर्न्ट मराठी’ याचं ‘सिन्स कमिंग टू नागपूर, शी हॅज लर्न्ट मराठी.’ कारण दाखवत असेल तर तो जायलाच हवा. ‘सिन्स शी लिव्ह्ड निअर अंबाझरी लेक, शी वेंट देअर एव्हरी मॉर्निंग’ याची फ्रेज ‘लिव्हिंग निअर अंबाझरी लेक, शी वेंट देअर एव्हरी मॉर्निंग.’ इथे ‘सिन्स लिव्हिंग’ केलं की वाचणारा त्याला ‘राहायला आल्यापासून’ असं वाचू लागतो आणि अर्थ बदलतो.

‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ राहतात. ‘बिफोर’ तर काढताच येत नाही. ‘बिफोर लीव्हिंग होम, आय लॉक्ड द डोअर’ मधून ‘बिफोर’ काढा, क्रमच हरवतो. ‘व्हाइल’ ठेवा किंवा काढा, तुमची मर्जी, पण फ्रेज वाक्याच्या शेवटी असेल तर ठेवाच. ‘आय मेट माय अंकल गोइंग टू इतवारी’ यात इतवारीला काका चाललेत असंच वाचलं जाईल. मी चाललो होतो हे सांगायचं असेल तर ‘आय मेट माय अंकल व्हाइल गोइंग टू इतवारी.’

‘व्हेन’बद्दल दोन शब्द जास्त. नेहमी घडणारी गोष्ट किंवा चालू असलेलं काम असेल तर ‘व्हेन’ आणि आयएनजी छान बसतात: ‘व्हेन क्रॉसिंग वर्धा रोड, लुक बोथ वेज.’ एकदाच घडलेली, क्षणात झालेली गोष्ट असेल तर नाही. पेंचच्या जंगलात वाघ दिसला आणि आपण थांबलो, हे ‘व्हेन सीइंग द टायगर, आय स्टॉप्ड’ असं लिहिलं तर इंग्रजी कानाला खटकतं. तिथे ‘ऑन सीइंग द टायगर, आय स्टॉप्ड’ किंवा नुसतं ‘सीइंग द टायगर, आय स्टॉप्ड.’ ‘अॅज सून अॅज’ असेल तरी हाच ‘ऑन’ उपयोगी पडतो.

‘इफ’, ‘अनलेस’ आणि ‘ऑल्दो’ राहतात, आणि त्यांना आयएनजीपेक्षा व्ही थ्री किंवा विशेषण जास्त मानवतं. ‘इफ लेफ्ट इन द सन, ऑरेंजेस ड्राय अप.’ ‘अनलेस टोल्ड टू स्टॉप, द ड्रायव्हर विल गो स्ट्रेट टू वर्धा.’ ‘ऑल्दो टायर्ड, शी वॉक्ड टू फुटाळा.’ ‘ऑल्दो’पुढे कृती आली, जसं ‘ऑल्दो ही न्यू द आन्सर’, तर ‘डिस्पाइट नोइंग द आन्सर’ जास्त स्वाभाविक होतं. तुलना करणारा ‘व्हेअरअॅज’ असला तर कमी करायच्या नादी लागू नका. ‘सो दॅट’ आणि ‘सो... दॅट’ हेही अॅडव्हर्ब क्लॉजच, पण त्यांची फ्रेज ‘टू’ने होते, ‘टू वीक टू वॉक’सारखी, आणि ते शाळेतच पक्कं झालेलं असतं. तिथे इथला आयएनजीचा नियम आणू नका एवढंच.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर क्रम असा ठेवा. आधी दोन्ही सब्जेक्ट शोधून त्यांच्याखाली रेघ मारा. ते वेगळे असतील तर तिथेच थांबा. एकच असतील तर जोडशब्द काय सांगतोय ते पाहा, वेळ, कारण, अट की विरोध, आणि तो ठेवायचा की काढायचा ते ठरवा. मग क्लॉज पॅसिव्ह आहे का ते पाहा, आणि शेवटी क्रियापदाला हात घाला. तुम्ही पाठ केलेला नियम हे या क्रमातलं अगदी शेवटचं पाऊल आहे. सराव करताना पेन्सिलीने रेघा खरंच मारा, मनातल्या मनात नको. मनात मराठी वाक्य तयार असतं आणि ते रेघ नीट मारू देत नाही.

सब्जेक्ट वेगळे असताना काहीच करता येत नाही का? येतं. फ्रेजला तिचा स्वतःचा सब्जेक्ट द्यायचा. याला अॅब्सोल्यूट कन्स्ट्रक्शन म्हणतात. नागपूरकर भोसल्यांचे तिसरे रघूजी 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. इंग्रजीत: ‘रघूजी द थर्ड हॅविंग डाइड विदाउट अ सन, द ब्रिटिश अॅनेक्स्ड नागपूर.’ मरणारे रघूजी, खालसा करणारे इंग्रज, दोघंही आपापल्या जागी आहेत, म्हणून काहीच लोंबकळत नाही. गंमत अशी की मराठीचा मोकळा ‘-ऊन’ आणि ‘-ल्यावर’ इंग्रजीत न्यायचा तर सगळ्यात जवळची रचना हीच. पण ती जड आहे. इतिहासाच्या लेखात, न्यायालयाच्या निकालात शोभते; रोजच्या बोलण्यात ‘इट बीइंग संडे, द शॉप्स वेअर क्लोज्ड’ म्हणणारा माणूस जरा पुस्तकी वाटतो. तिथे साधा ‘बिकॉज’ किंवा ‘अॅज’ बरा.

काही फ्रेज अशा आहेत की त्यांना कर्ता विचारायचाच नसतो. ‘जनरली स्पीकिंग, नागपूर ऑरेंजेस आर स्वीट’ यात संत्री बोलत नाहीत हे उघड आहे, तरी वाक्य सर्वमान्य आहे. ‘कन्सिडरिंग’, ‘जजिंग बाय’ हीही त्यातलीच. वापरून वापरून ती इतकी रुळलीत की त्यांना आता फ्रेजपेक्षा शब्दयोगी अव्ययासारखंच धरलं जातं. एखादा मुलगा यांची उदाहरणं देऊन ‘मग माझं पावसाचं वाक्य का नाही चालत’ असं विचारतो, तेव्हा मी त्याला ही यादी छोटी आहे आणि ती भाषेने ठरवली आहे, आपण वाढवू शकत नाही, एवढंच सांगतो.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. परीक्षेतला चुका शोधण्याचा प्रश्न असेल तर वरची अट कडक धरा. तिथे ‘अर्थ कळतो’ याला किंमत नाही. स्वतःचा निबंध किंवा अर्ज लिहीत असाल तर आधी हे विचारा की फ्रेज करायचीच कशाला? क्लॉजमध्ये कारण, वेळ, अट स्पष्ट असते. फ्रेज केली की ती थोडी धूसर होते. ‘वर्किंग इन अ बँक, शी न्यू मेनी फार्मर्स’ मध्ये बँकेत असल्यामुळे ओळखायची की बँकेत असताना, हे वाचणाऱ्याला ठरवावं लागतं. तो फरक तुम्हाला महत्त्वाचा असेल तर क्लॉज ठेवा. एका परिच्छेदात एक-दोन फ्रेज आल्या की लेखन घट्ट होतं. प्रत्येक वाक्य आयएनजीने सुरू झालं की वाचणाऱ्याला धाप लागते. भाषेवर पकड दाखवायला लांबच लांब फ्रेज करणारी उत्तरपत्रिका मी पाहिली की मला वाईट वाटतं, कारण त्याच मुलाचं साधं वाक्य बहुतेक वेळा जास्त चांगलं असतं.

आता तुमची राहिलेली दोन वाक्यं. तिसऱ्याचं मूळ ‘आफ्टर आय रीच्ड सीताबर्डी, माय फोन रँग’ आहे तसंच ठेवा, किंवा ‘आफ्टर रीचिंग सीताबर्डी, आय गॉट अ फोन कॉल’ करा. ‘आय हर्ड माय फोन रिंग’ असंही चालेल, फोन आधीपासून वाजत होता असं सुचवायचं नसेल एवढं बघा.

चौथ्यात ‘द बेल’ आणि ‘द चिल्ड्रन’, सब्जेक्ट दोन. म्हणून ‘व्हेन रिंगिंग’ किंवा ‘ऑन रिंगिंग’ दोन्ही चूक. त्यात मुलंच घंटेसारखी वाजू लागतात. ‘द बेल हॅविंग रंग, द चिल्ड्रन रॅन आउट’ हे व्याकरणाने पूर्ण बरोबर, आणि ‘अॅब्सोल्यूट करा’ असं सांगितलं असेल तर हेच लिहा. ‘फ्रेज करा’ एवढंच म्हटलं असेल तर ‘अॅट द साउंड ऑफ द बेल, द चिल्ड्रन रॅन आउट’ लिहा. तिथे क्लॉजच्या जागी नामाची फ्रेज आली, कर्त्याचा प्रश्नच उरला नाही. ‘हिअरिंग द बेल, द चिल्ड्रन रॅन आउट’ हेही सुरेख वाक्य आहे, ऐकणारी मुलं आणि धावणारीही मुलं. पण त्यात ‘हिअर’ हे नवं क्रियापद तुम्ही बाहेरून आणलंत, म्हणून वाक्य बदलायच्या प्रश्नात ते मान्य होईल की नाही हे तपासणाऱ्यावर आहे. निबंधात मात्र मी हेच लिहीन.